म्हशीच्या पाठीवरची हद्द

आमच्या घरासमोरची नाली अर्धी नगर पंचायतीची आहे आणि अर्धी ग्रामपंचायतीची. अर्धी म्हणजे लांबीनं नव्हे, रुंदीनं. रस्त्याकडची भिंत शहराची, माझ्या अंगणाकडची भिंत गावाची, आणि पाणी दोघांच्या मधून वाहते. शेजारच्या मोठ्या गावाची नगर पंचायत झाली तेव्हा कोणीतरी नकाशावर हद्दीची रेघ ओढली आणि ती नेमकी नालीच्या मधोमध पडली. माझं घर गावात राहिलं, दारासमोरचा रस्ता शहरात गेला. दुसऱ्यांना शहरात जायला एसटी लागते, मला एक पाऊल लागते.

त्या पावलासाठी नालीवर माझी फरशी होती. वणीकडून ट्रकमध्ये आणलेली, वीतभर जाड, मी स्वतः बसवलेली. तिच्यावरून भरलेली बैलबंडी जायची. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पुढं जनावरांमागं गेलो, पण हातानं केलेलं काम मला कधी दुसऱ्यांदा करावं लागलं नाही.

फरशी मुख्य म्हणजे म्हशीसाठी होती. म्हैस घाटंजीच्या बाजारातली. सकाळी फरशीवरून चरायला जायची आणि संध्याकाळी एकटीच परत यायची, कारण घरी तिची वगार बांधलेली असायची. वगार अजून चाऱ्याला लागली नव्हती, आईच्या दुधावरच होती. त्यामुळे म्हैस रस्त्यात कुठं रेंगाळत नसे. तिच्यावर घड्याळ लावा म्हणायचो मी लोकांना.

नाली फक्त पावसाच्या पाण्यासाठी आहे, असा शहराचा नियम निघाला. सकाळी घंटागाडी भोंग्यावर सांगत जायची, की पावसाच्या नालीत सांडपाणी, शेण, प्लास्टिक सोडू नये आणि नालीवरच्या फरश्या नागरिकांनी आपल्या हातानं काढून घ्याव्या. संध्याकाळी आमच्या गावातल्या देवळाच्या भोंग्यावरून सांगायचे, की ग्रामसभेच्या परवानगीशिवाय नालीवरच्या फरशीला कोणी हात लावू नये. दोन्ही भोंगे माझ्या अंगणात स्पष्ट ऐकू येतात.

सफाईचंही तसंच. शहराची माणसं यायची, आपल्या बाजूचा गाळ काढायची, गावाच्या काठावर टाकायची आणि फोटो घेऊन जायची. मग ग्रामपंचायतीचा माणूस यायचा, तो गाळ उचलून शहराच्या काठावर टाकायचा आणि फोटो घ्यायचा. पावसाची सर आली की दोन्हीकडचा गाळ परत नालीत. त्यात एक लाल चप्पल होती. ती कधी इकडच्या ढिगात दिसायची, कधी तिकडच्या. दुसरी चप्पल कोणाकडं आहे ते मला आजही माहीत नाही.

तर एक दिवस सकाळी शहराचे साहेब जीप घेऊन आले. नवीन होते, पुण्याकडचे. बरोबर सफाईचा जमादार होता. आमच्या गावचा ग्रामसेवक मागून फटफटीवर आला. तो उमरखेडकडचा, बोलण्यात गोड, कामात सावकाश.

"बाबाजी, ही फरशी काढावी लागेल," साहेब म्हणाले.

"काहून जी?"

"खाली कचरा अडकतो, पाणी तुंबतं. वरून तुमची म्हैस जाते, शेण पडतं. हे पाणी पुढं नाल्यात, नाल्यातून तळ्यात. आणि तळ्याचं पाणी सगळं शहर पितं."

"मंग शहर आपल्या चपला त्यात कायले टाकते?"

"तेच थांबवायला नियम आहे."

"नियम कोठी हाय? मले त चप्पलच दिसून राह्यली."

जमादार हसला आणि लगेच खोकला. ग्रामसेवक म्हणाला, "साहेब, फरशीचं एक टोक आमच्या हद्दीत आहे. ग्रामसभेशिवाय मला ते काढू देता येत नाही."

"मग घ्या ग्रामसभा."

"घेतली होती. कोरम भरला नाही. आता तहकूब सभा होईल. तिला कोरम लागत नाही."

"कधी?"

"लोक आले की."

साहेबांनी कपाळ पुसलं. मला वाटलं, आता जातील. आणि मी ताठ्यानं बोलून गेलो, "तुमची अर्धी असन ते घेऊन जा. माह्या अर्धीले हात लावायचा नाई."

दारातून आमची बुढी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अवो, असं नोका बोलू. नेतीन ते."

"नेते! वीतभर दगड हाय. भाकर हाय का मोडून न्याले?"

साहेब मात्र जमादाराकडं वळून म्हणाले, "कटर मागवा."

कटर येईपर्यंत हद्द आखायची ठरली. जमादारानं जीपमधून फक्कीचं पोतं काढलं. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, मैदानावर रेघा मारतात ती. त्यानं फरशीवर मधोमध लकीर मारली. साहेबांनी मोबाइल धरला आणि म्हणाले, "अशी तुकड्यात नको. फोटोत हद्द सलग दिसली पाहिजे. फरशीच्या पुढंमागंही ओढा."

"पुढं पाणी हाय साहेब."

"पाण्यावर ओढा."

जमादारानं पाण्यावर फक्की टाकली. ती निघाली तळ्याकडं. परत टाकली, परत निघाली. मग त्यानं युक्ती काढली. वरच्या अंगाला वाकून तो सारखी ओततच राहिला, तेव्हा खाली फरशीपर्यंत पांढरा पट्टा दिसू लागला. "घ्या साहेब, घ्या लवकर!" तो ओरडला. साहेब फोटोसाठी काठाकाठानं पळाले.

"चुना पाण्यात चालतो का साहेब?" ग्रामसेवकानं विचारलं.

"चुन्यानं पाणी शुद्धच होतं."

दुपारी कटर आलं. मी गावाच्या अर्ध्या फरशीवर जाऊन उभा राहिलो. आपली हद्द आपणच धरली पाहिजे. कापणारा म्हणाला, "बाबाजी, उतरा. मधून कापलं त दोन्हीकडचं खाली जाईन."

"तू तुह्य पाह्य. मी माह्या गावात उभा हावो."

धूळ उडाली, आवाज बंद झाला, आणि शहराची अर्धी फरशी नालीत गेली. तिच्यामागं गावाची अर्धी गेली. तिच्यावर मी होतो. मी उभाच होतो, फक्त आता नालीत. जमादार हात द्यायला वाकला. मी त्याचा हात घेतला नाही. आमच्या बाजूनं चढलो. भिंत छातीइतकी होती, त्यामुळे थोडा वेळ लागला.

ग्रामसेवकाचा चेहरा उतरला. "साहेब, आमच्या हद्दीतला दगड पडला. आता पंचनामा करावा लागेल."

"आम्ही आमचीच कापली. तुमची आपोआप पडली."

"आपोआप पडली असंच लिहू, पण पंच पाहिजेत."

पंच मिळता मिळता संध्याकाळ झाली, आणि म्हैस आली.

ती नेहमीच्या चालीनं रस्त्यानं आली, फरशीच्या जागी येऊन थांबली आणि खाली पाहू लागली. नालीत कापलेले दोन दगड एकमेकांना टेकून उभे होते. अंगणातून वगारीनं हंबरडा फोडला. सकाळपासून तिच्या पोटात दूध नव्हतं. म्हशीनं उत्तर दिलं. मग वगार, मग म्हैस. आभाळही भरून आलं होतं.

"हे जनावर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माह्य."

"मग रस्त्यावर का? रस्ता शहराच्या हद्दीत आहे. मोकाट जनावर शहरात उभं करता येत नाही. कोंडवाड्यात टाकावं लागेल."

"मोकाट? घरी येऊन राह्यलं थे!"

"मग घरी घ्या."

"कसं घेऊ? उडवत नेऊ?"

"तो तुमचा प्रश्न आहे."

कोंडवाड्यात जनावर गेलं की ते कधी सुटेल याचा नेम नाही. आणि वगार दुधाशिवाय किती टिकणार? बुढी अंगणात तिच्या गळ्याला हात लावून बसली होती. ती मला म्हणाली, "तुमचा दगड गेला त गेला. म्हैस गेली त मी तुमच्याशी बोलणार नाई." बुढी असं कधी म्हणत नाही. जमादार दोरी घेऊन पुढं झाला.

पण म्हशीनं आमचं कोणाचं ऐकलं नाही. वगारीच्या आवाजाच्या दिशेनं तिनं दगडांच्या वरच्या अंगाला पुढचे पाय खाली सोडले आणि धप्पकन नालीत उतरली. दोन-तीनदा अंगणाकडची भिंत चढून पाहिली. जमलं नाही. मग पाणी पाहून तिनं तेच केलं जे कोणतीही म्हैस करते. बसली. नालीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत म्हैसच म्हैस.

आणि पाऊस आला.

वरच्या मोहल्ल्याचं सगळं पाणी धावत आलं आणि म्हशीच्या मागं थांबलं. मग काठ ओलांडून रस्त्यावर पसरलं. जीपच्या चाकाला लागलं. त्यात थर्माकोल होता, फुग्यांचे तुकडे होते, शहरात काय काय असते ते सगळं होतं.

"बाबाजी, काढा तिला!" साहेब ओरडले.

"मी कायले काढू? तुमीच नेत होते ना कोंडवाड्यात?"

"ती आता आमच्या हद्दीत नाही!"

"आमच्याही पूर्ण नाही," ग्रामसेवक म्हणाला.

"मग नक्की कोणाच्या हद्दीत आहे?"

जमादार हुकमाचा माणूस. त्याच्या हातात फक्कीचं पोतं होतंच. कोणी काही सांगायच्या आत त्यानं वाकून म्हशीच्या शिंगांच्या मधून शेपटीपर्यंत सरळ लकीर मारली. ओल्या काळ्या पाठीवर चुना चिकटून बसला. दिवसभरात तेवढीच एक हद्द जागेवर राहिली.

"उजवी बाजू गावाची," ग्रामसेवक हळूच म्हणाला.

"डावी न्या मग तुमी," मी म्हणालो.

"अर्धं जनावर कोंडवाड्यात घेत नाईत साहेब," जमादारानं सांगितलं. "पावतीवर एक लिहा लागते."

तेवढ्यात बुढी सरकीच्या ढेपेचं घमेलं डोक्यावर घेऊन काठाशी आली. पदर भिजलेला. ती साहेबांशी बोलली, माझ्याशी नाही. "साहेब, थे माह्या हाकेशिवाय उठत नाई. तिले चढाले जागा करा, मंग मी हाक मारीन."

"जागा कशाची करू आई?"

"दोन्ही काठावर गाळ पडला हाय ना? टाका नालीत."

"नालीत गाळ टाकणं गुन्हा आहे."

"बरं मंग," बुढी म्हणाली आणि घमेलं मांडीवर घेऊन पावसात खाली बसली.

पाणी जीपच्या पायरीला लागलं. साहेबांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं, ग्रामसेवकानं साहेबांकडं पाहिलं. मग साहेबांनी बूट काढले, पँट वर केली आणि जीपमधलं फावडं घेतलं. ग्रामसेवकानं आमच्या अंगणातलं घेतलं. शहर शहराच्या ढिगातून टाकू लागलं, गाव गावाच्या ढिगातून. जेवढा गाळ त्यांनी उन्हाळाभर काढला होता, तेवढा एका सरीत परत गेला. मी पण टाकला. लाल चप्पल माझ्याच फावड्यात आली. मी ती मधोमध टाकली.

म्हशीच्या पुढं, त्या दोन दगडांवर, दोन्ही काठाइतका उंच बांध झाला. बुढीनं घमेलं वाजवलं आणि म्हणाली, "चाल माय." म्हैस उठली. उठल्याबरोबर मागचं पाणी सुटलं आणि टेकून उभ्या असलेल्या दोन दगडांच्या खालच्या भोकातून गुडगुड करत निघून गेलं. म्हैस गाळात पोटापर्यंत रुतली, निघाली, परत रुतली आणि अंगणात चढली. वगारीचा दोर मी सोडला. वगार तिच्या पोटाखाली अशी शिरली की म्हैस एक पाऊल मागं सरकली.

बुढीनं चहा केला. साहेब आणि ग्रामसेवक ओसरीवर बसून प्याले, गुडघ्यापर्यंत काळे. साहेब म्हणाले, "दूध चांगलं आहे." बुढी माझ्याशी बोलली. म्हणाली, "कप धरा." मला बरं वाटलं.

गाळाचा बांध अजून तसाच आहे. शहर म्हणते गावानं टाकला, गाव म्हणते शहरानं. फोटो दोघांकडंही आहेत, पण ते गाळ काढल्याचे. काढून टाकावा तर अर्धा कोणाचा ते परत मोजावं लागेल, म्हणून कोणी हात लावत नाही.

म्हैस मात्र त्या दिवसापासून अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. सकाळी सोडली की काठापर्यंत जाते, गाळ हुंगते आणि परत येऊन दावणीला उभी राहते. तिचा चारा मी डोक्यावर आणतो, त्याच गाळावरून. दोनदा पडलो. बुढी म्हणते, लाकडाच्या फळ्या टाका, तहकूब सभा होईपर्यंत तरी. साहेब जाता जाता जीप थांबवून विचारतात, "बाबाजी, निघाली का म्हैस?"

"दगड टाका, निघन," मी सांगतो.

फळ्या मी टाकणार नाही. म्हैस काही चुकीचं मागून नाई राह्यली.