पाचवं शील आणि अक्कलदाढ

लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं तेव्हा गावातल्या प्रत्येक पाटीला 'जिल्हा' हा शब्द चिकटला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या न्हाव्यानेही तो आपल्या पाटीवर लाल रंगात लिहून घेतला होता. नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून मी नांदेडहून बदलून आले होते. टेबलं नवी, कपाटं नवी, साहेब नवे आणि नळ कोरडे. दुष्काळ होता. टँकरच्या रांगेत रोज कुणीतरी म्हणायचं, "जिल्हा आला, आता पाणी तेवढं यायचं राहिलंय," आणि रोज लोक हसायचे. मला हसू येत नसे. मुळात माझा स्वभाव तापट, त्यात घागर भरेपर्यंत कचेरीची वेळ टळून जायची.

दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात माझे आईवडीलही माझ्याजवळ राहायला आले होते. आमचं गाव हिमायतनगरच्या पलीकडे, किनवटच्या वाटेवर. बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते, नुकतेच निवृत्त झाले होते. खडीसाठी सुरुंग लावताना सगळ्यात शेवटी मागे पळणारा हा माणूस, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि त्या वर्षी दुसरीकडे कुठे पाणी नव्हतंच.

बाबा एकेकाळी खूप प्यायचे. हे आडून सांगण्यात काही अर्थ नाही. गावाबरोबर धम्मदीक्षा घेतली, पण पंचशीलातलं पाचवं शील, नशा न करण्याचं, त्यांच्या अंगी बाणायला मी मॅट्रिकला जाईपर्यंत वेळ गेला. मग एक दिवस सोडली ती सोडलीच. त्यानंतर सकाळच्या वंदनेत पहिली चार शीलं ते पुटपुटत म्हणायचे आणि पाचवं शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

त्या उन्हाळ्यात त्यांची खालची अक्कलदाढ किडली. "उशिरा का होईना, अक्कल दुखायला तरी लागली," असं मी म्हणाले. ते हसले नाहीत तेव्हाच मला कळायला हवं होतं की दुखणं मोठं आहे. लवंग झाली, तुरटी झाली. मग जबड्याखाली सूज आली, ताप आला, आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं. माय भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि ते घासागणिक भिंतीवर हात आपटायचे.

जिल्ह्याबरोबर जी नवी मंडळी गावात आली त्यांत दातांची एक डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची. तिच्या दारावर पाटी होती : 'चूळ भरण्यासाठी पाणी सोबत आणावे.' त्यामुळे बाकावर प्रत्येक पेशंट आपापला तांब्या मांडीवर घेऊन बसलेला असायचा, जणू सगळे एकाच वेळी परसाकडे निघालेत. बाबांना मी तिथे नेलं. खुर्चीत बसले, गळ्याला टॉवेल बांधून घेतला, तोंडही उघडलं. तिने सुई उचलली आणि बाबांची दातखीळ बसली. त्यांनी तिचं मनगट धरलं, अलगद बाजूला केलं आणि उठून चालू लागले. टॉवेल गळ्यातच. मागून मी, हातात तांब्या, पाणी सांडू नये म्हणून धड धावताही येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी न्हावी म्हणाला, "काका, अर्धी दाढी सोडून कामून पळून राहिले?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हसू आणि राग दोन्ही एकदम आले, आणि घरी पोचेपर्यंत नुसता राग उरला.

टॉवेल परत द्यायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. "औषधाने सूज दबेल, जाणार नाही. दाढ निघालीच पाहिजे. हा पू गळ्यात उतरला तर श्वास कोंडेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी विचारलं, पण हे तर बसायलाच तयार नाहीत, करायचं काय? त्या म्हणाल्या, "एक गोळी देऊ. दाढ काढायच्या तासभर आधी घ्यायची. पूर्ण भूल नाही, नुसती गुंगी. जागे राहतील, मी सांगेन ते ऐकतील, पण कशाची पर्वा वाटणार नाही. नंतर मधलं फारसं आठवणारही नाही. सोबत घरचं माणूस हवं, एवढंच."

मला तर देव भेटल्यासारखं झालं, म्हणजे देव न मानणाऱ्या घरात जेवढा भेटतो तेवढा. घरी येऊन मी डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तीच माझी चूक झाली. 'भीती मोडायची गोळी' म्हटलं असतं तर कदाचित भागलं असतं. बाबा एकच शब्द धरून बसले.

"गुंगी म्हंजे नशाच ना?"

"औषध आहे ते बाबा."

"पर्वा वाटत न्हाई म्हणते. नंतर आठवत न्हाई म्हणते. मग दुसरं काय ऱ्हातंय? म्या शील मोडणार न्हाई."

मी खूप बडबडले. घाबरता तुम्ही सुईला आणि पुढे करता शीलाला, असंही म्हणाले. रोगापेक्षा इलाज भयंकर वाटणारी माणसं मी कचेरीतही पाहत होते, पण ती निदान पाली गाथांचा आधार घेत नव्हती. बाबा गप्प. सूज मात्र गप्प बसत नव्हती. मी सारखी त्यांच्या गळ्याकडे बघायचे, रात्री त्यांचा श्वास ऐकत पडायचे, दिवसा कचेरीत एकाच ओळीत दोनदोन चुका करायचे. टाइपरायटरच्या फिती बदलल्या, खुर्ची बदलली, चुका चालूच.

शेवटी नांदेडहून आलेल्या भन्तेजींकडे त्यांना नेलं. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली होती आणि आत तव्यासारखी तापायची. भन्तेजींनी शांतपणे ऐकून घेतलं. वैद्याने दुखण्यासाठी दिलेलं औषध घेतल्याने शील मोडत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी बाबांकडे विजयाने पाहिलं. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "भन्तेजी, म्या दारूबी औषध म्हणूनच सुरू केली व्हती. रस्त्यावर डांबराच्या धुरानं खोकला झाला, कुणीतरी म्हणलं घोटभर घे, बरं वाटंल."

त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की बाबा सुईला भीत होते हे खरं, पण गोळीला त्याहून जास्त भीत होते. गुंगीत आपण कोण होऊ, याची त्यांना भीती होती. त्या माणसाला मीही लहानपणी पाहिलं होतं. तो परत यावा असं मलाही वाटत नव्हतं, आणि दाढही निघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना पाणीही गिळवेना. तोंडातून लाळ गळायला लागली. मी चप्पल घालून रिक्षा बघायला निघाले, पण रिक्षात त्यांना घालणार कसं? तेव्हा इतके दिवस या भांडणात एक शब्दही न बोललेली माय चुलीपुढून उठली आणि त्यांच्यासमोर बसली.

"घ्या गोळी. म्या संगं हाय. गुंगीत तुमी काय केलं ते उठल्यावर सांगन. एक अक्षर लपवणार न्हाई."

बाबांनी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी गोळी आधीच देऊन ठेवली होती, ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली. घोटघोट पाण्याने, मान वर करकरून, मोठ्या कष्टाने त्यांनी ती उतरवली.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या पापण्या जड झाल्या होत्या. स्वतःच्या पायांनी खुर्चीत चढले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन स्टुलं दिली. एक खुर्चीजवळ, बाबांचा हात धरता येईल असं. मायनं ते घेतलं नाही. दुसरं उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं, पाठ चौकटीला लावून बसली. बाहेर पळायची वाट मोकळी ठेवून. हे तिला ठरवावं लागलं नसणार, तिच्या पायांनाच माहीत होतं. मी खुर्चीजवळ बसले आणि बाबांचा हात धरला. तो सैल आणि गरम होता.

"तोंड उघडा, काका." उघडलं. "आणखी थोडं." उघडलं. सुई गेली तेव्हा त्यांनी नुसता हुंकार दिला. दाढ निघायला वेळ लागला, आवाज वाईट येत होता, आणि मला वाटत होतं की गुंगीची एखादी गोळी मलाही द्यायला हवी होती. मध्येच बाबांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि वर उचलला, जोरात. दाराशी स्टूल खरकन सरकलं. माय उभी राहिली होती. बाबांचा हात त्यांच्याच डोळ्यांवर गेला, वरच्या दिव्याचा उजेड अडवायला, आणि तिथेच राहिला.

"बसा मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही करणार नाहीत ते." माय बसली, पण पाठ टेकवली नाही.

दाढ निघाली. पू निघाला. आमच्याच तांब्यातल्या पाण्याने मी त्यांचं तोंड पुसलं. जागेवर कापूस दाबून धरायचा, बोलायचं नाही, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं आणि बाबा नीट पावलं टाकायला लागल्यावरच जाऊ दिलं. माझं अंग आता हलकं झालं होतं. बाबा वाचले होते. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी बोटाने कापूस बाजूला सारला.

"म्या काय केलं?"

"काही न्हाई," माय म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "तू सांग. काय केलं?"

"काही नाही केलं बाबा, खरंच. कापूस धरा."

चौकात रिक्षा थांबली, त्यांनी परत विचारलं. ओठ बधिर, शब्द लोळत होते, हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला. मायनं तो पदराने पुसला आणि परत तेच म्हणाली, काही न्हाई. ते परत माझ्याकडे वळले. मी चिडून ओरडले की दाढ काढायला लावली ती बोलायला नाही. रिक्षावाला वळून बघायला लागला. आणि ओरडताओरडताच माझ्या लक्षात आलं की हे दोघांचं बोलणं मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. लहानपणी, गावाकडच्या घरात, सकाळी. मी गोधडीत डोळे मिटून पडलेली असायचे. बाबा कोरड्या आवाजात विचारायचे, रात्री म्या काय केलं? आणि माय, गालावर पदर ओढून चूल फुंकत असायची, ती म्हणायची, काही न्हाई. अगदी याच आवाजात. मग त्यांनी आज विश्वास ठेवावा तरी कसा?

घरी आल्यावर ते खाटेवर बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत बसले. झोपा म्हटलं तर ऐकेनात. डोळे मिटत होते आणि ते बळेच उघडत होते. "सांग ना. म्या हात उचलला का?"

मायनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आज हात उचलला, पर डोळ्यावर धरला. दिव्यानं. मला न्हाई मारलं. तवा मारलं व्हतं. लई मारलं. तवा म्या काही न्हाई म्हणत व्हते ते खोटं व्हतं. आजचं खरं हाय."

इतक्या वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. बाबा तिच्याकडे बघत होते, गाल सुजलेला, ओठ एका बाजूला ओघळलेला.

"हाव," ते म्हणाले. "माहीत व्हतं मला."

मग त्यांनी कापूस जागेवर दाबला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले.