चौथ्या दिवशी थांबणारे भ्रूण

परळच्या आमच्या लॅबमध्ये गायींचे भ्रूण वाढवायचं काम चालायचं. चांगल्या दुधाच्या गायींची स्त्रीबीजं गोठ्यावरून यायची. ती लॅबमध्ये फळवायची आणि सात दिवस इन्क्युबेटरमध्ये, तेलाच्या थराखालच्या पोषणद्रवाच्या थेंबात सांभाळायची. टिकलेला भ्रूण मग दुसऱ्या गायीच्या पोटात ठेवायचा. आमचे मात्र चौथ्या दिवशीच थांबायला लागले. आठ पेशी व्हायच्या, पुढे काही नाही.

दोन महिने मी ऑक्सिजन कमी करून पाहिला, द्रव नव्याने बनवला, पाणी बदललं. काही फरक पडेना. मग एका सकाळी दाराशी फिनेलचा वास आला. असल्या वाफेने भ्रूण मरतात, हे मला माहीत होतं.

लादी पुसायला ठेकेदाराकडून एक मावशी यायच्या. अँटॉप हिलला राहायच्या, बरीच वर्षं आमच्याकडेच होत्या.

"मावशी, आत फिनेल वापरलंत?"

"आत नाय हो मॅडम. आत साधं पाणी, तुम्हीच सांगितलेलं. फिनेल बाहेरच्या पॅसेजला."

मी विश्वास ठेवला नाही. मला कारण हवं होतं. साहेबांना दिलेल्या अहवालात मी फिनेल लिहिलं. पुढच्या सोमवारी दुसरीच बाई आली. मावशींना ठेकेदाराने काढलं होतं.

भ्रूण मरतच राहिले.

महिन्याभराने कपाटात मागे सरकलेली तेलाची एक जुनी बाटली सापडली. मी अर्धे भ्रूण त्या तेलाखाली ठेवले, अर्धे रोजच्या. जुन्या तेलाखालचे सातव्या दिवसापर्यंत वाढले. रोजच्या तेलाचा खोका पश्चिमेच्या खिडकीत, उन्हात, कित्येक आठवडे पडून होता. उन्हाने तेल बिघडतं. खोका तिथे मीच ठेवला होता.

त्या शनिवारी पत्ता विचारत मावशींकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"मला ठाऊकच होतं ना, मी नाय टाकलं ते," त्या म्हणाल्या. "मला काय सांगताय? तिकडं सांगा."

"सांगते. तुम्ही परत या."

"ठेकेदार घेल? ही बाई औषधं सांडते, असं सांगून ठेवलंय त्याने. तीन ठिकाणी जाऊन आले मी."

सोमवारी मी नवा अहवाल लिहिला. त्यात मावशींचा दोष नव्हता, माझा होता, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी ती ओळ पेनने खोडली. "तेल सदोष निघालं, एवढं पुरे. उगाच कशाला ओढवून घेतेस?" मी ठेकेदाराला फोन केला, तर तो म्हणाला, जागा भरली.

मी साहेबांशी भांडले नाही. माझी नोकरीही कंत्राटीच होती.

दोन महिन्यांनी आमच्या भ्रूणाने पहिली गाय गाभण राहिली. लॅबमध्ये पेढे वाटले. माझ्या वाटचा मी खाल्ला, आणि भ्रूणांच्या थाळ्या लावायला इन्क्युबेटरकडे गेले.