अभिनंदनाच्या फ्लेक्सवरचा फोटो

तीन वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या दुपारी कळलं, माझ्या रूममेटचं नाव कुणीतरी चोरलंय. झेरॉक्सचा गरम वास आला की अजून मला ती दुपार आठवते. गारखेड्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तिचा पीएच.डी.चा प्रबंध छापायला टाकून आम्ही दोघी थांबलो होतो. सहज मी तिचं नाव गुगल केलं, तर पैसे घेऊन पेपर छापणाऱ्या एका बोगस विज्ञान जर्नलच्या साइटवर ती फोटोसकट मुख्य संपादक निघाली! "मला कुणी विचारलंच नाय गं," ती पुटपुटली. फोटो तिच्या गावच्या, फुलंब्रीच्या चौकातल्या फ्लेक्सवरचा होता. ती नेट परीक्षा पास झाली तेव्हा गावानं तो फ्लेक्स लावून फेसबुकवरही टाकला होता, खाली शुभेच्छुक म्हणून वडिलांच्या मोबाईल नंबरासकट. तेवढ्यात वडिलांचाच फोन. "बाई, कुणीतरी हिंदीत धमकावतंय. 'तुझ्या पोरीनं पैसे घेऊन पेपर छापला नाय, घरी येतो,' म्हणतंय. काय केलंस तू?" तिच्या हातातली पानं खाली पडली. चोर ते, आणि जाब द्यायचा हिनं? तक्रारी करून त्या साइटवरून तिचं नाव निघालं, पण परवा तिथं संपादक म्हणून दुसऱ्याच मुलीचा फोटो दिसला. तुम्ही कुठंही पेपर पाठवण्याआधी त्या संपादकाच्या कॉलेजात फोन लावा आणि विचारा: "तुम्ही संपादक आहात, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"