सासूचा जुना फोन

ती बाई तक्रार द्यायला आलीच नव्हती, म्हणून ती केस मला विसरता येत नाही. ठाण्यात येऊन तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "साहेब, अपडेट कधी येते हो?"

मी तेव्हा अकोल्यातल्या एका पोलीस स्टेशनला सहायक फौजदार होतो. शिपाई म्हणून लागलो आणि तिथवर पोचलो. शिक्षण सातवी. त्यावरून पाठीमागे बोलणारे पुष्कळ होते, तोंडावर बोलणारा एकही भेटला नाही. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. दोन्ही घरची माणसं अजून हयात आहेत.

एका विवाहित मुलीचं प्रेत घरामागच्या विहिरीत मिळालं. सासरच्यांनी सांगितलं, पाणी काढायला गेली आणि पाय घसरला. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, चौकशी माझ्याकडे आली. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती म्हणून इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा, तहसीलदार साहेबांसमोर झाला. डॉक्टरांचा अभिप्राय, बुडून मृत्यू. अंगावर मारहाणीची खूण नाही. शेजारी म्हणाले, भांडणाचा आवाज कधी ऐकला नाही. मुलीचा फोन पाहिला, त्यात काही नाही. नवरा खाजगी ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारा, कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. मला एकच खटकलं, घरात नळ असताना ती विहिरीवर काहून गेली? त्याचंही उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. त्या दिवशी नळ आला नव्हता. चौकशी केली, तेही खरं निघालं.

मुलीच्या आईचा पहिला जबाब घेतला तेव्हा ती म्हणाली, "माया कोनावर संशय नाही." आमच्या खात्यात या एका वाक्यावर किती चौकशा बंद होतात हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. मी मात्र तिला पुरवणी जबाबासाठी पुन्हा बोलावलं. आमचे ठाणेदार साहेब म्हणाले, "अहो, कशाला त्या बाईला हेलपाटे?" मी म्हटलं, माझं समाधान झालं नाही. माझं समाधान झाल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नसे, मग साहेब कोणीही असो.

बाई अकोटकडची. विधवा, घरची फुलशेती. झेंडू, शेवंती लावायची, हार करायची. समोर बसली आणि टेबलावरच्या माझ्या फोनकडे पाहत राहिली.

"माया फोनबी असाच होता, साहेब. हाच."

"होता म्हणजे? आता कुठे आहे?"

"जवायानं नवा आनून देला. म्हने, जुने फोन बंद पडून राहिले, टीव्हीवर बातमी आली. मी म्हनलं, लेकीच्या घरचं आमी पानी पेत नाही, फोन कसा घेऊ? तं म्हने, फुकट कायले घेता? तुमचा जुना मले द्या अन् हा तुमी घ्या. बदलीत. मंग घेतला."

जुन्या वळणाची माणसं लेकीच्या घरचं काही घेत नाहीत. घेतलंच तर काहीतरी हातावर ठेवूनच घेतात. जावयाला ही रीत पक्की ठाऊक होती. जुना फोन त्याला मागावा लागला नाही, सासूने आपल्या हाताने दिला.

"कधी आणला त्याने नवा?"

"तेरवी झाल्यावर."

माझा पेन थांबला. बायको जाऊन महिना झालेला नाही, आणि हा सासूसाठी फोन घेऊन अकोटला जातो?

तेवढ्यात तिने पदराआडून तो नवा फोन काढला आणि विचारलं, "साहेब, अपडेट कधी येते हो?"

"कशाचं अपडेट, माय?"

"तिचं बोलनं हाय न जुन्यात. मले वाचता येत नाही, तं ती बोलून धाडे. जवाई म्हने सगळं नव्यात येते. पाह्यलं तं काहीच नाही. इचारलं तं म्हने, अपडेट आलं का आपोआप येईन. तवापासून पाहूनच राहिली. तुमच्या फोनात आलं का?"

बाजूला बसलेली आमची लेडी कॉन्स्टेबल काही सांगायला गेली. मी हातानेच तिला गप्प केलं.

"काय बोलायची ती?" मी विचारलं.

बाईने फोन पदराआड सरकवला. "लेकीचं गाऱ्हानं बाहेर नाही सांगत, साहेब."

"लेक गेली, माय. आता कोणाची अब्रू झाकून राहिली तू?"

मग ती बोलली. जावयाला नव्या फोनचं वेड. बाजारात काय येणार, त्यात कॅमेरा कसा, सिस्टीम कोणती, सगळं त्याला आधीच ठाऊक. नव्या फोनच्या बातम्या नेमक्या झेंडूच्या हंगामातच येतात. बातमी आली की तो बायकोला म्हणायचा, तुझ्या आईचा झेंडू निघून राहिला ना, सांग तिला. दोन हंगाम आईने पैसे दिले. या वेळी झेंडू पावसाने बसला. नाही म्हणाली.

"मी नाही म्हनलं," ती दोनदा म्हणाली. "मीनंच म्हनलं, नाही."

ही हकीकत मी साहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "फोन कुठे आहे? तो म्हणेल भंगारात दिला. मग काय करणार?" बरोबर होतं त्यांचं. बाईच्या तोंडी सांगण्यावर केस उभी राहत नाही. तो फोन पाहिजे होता, आणि आतलं पुसलं जाण्याच्या आत पाहिजे होता.

एवढ्या वर्षांत मी एक पाहिलंय. हुशार माणसाला प्रश्न विचारले की तो सावध होतो. त्याच्यापुढे अडाणी होऊन बसलं की तोच तुम्हाला शिकवायला लागतो. जबाबावर सही राहिली म्हणून मी जावयाला बोलावलं. चहा मागवला. सही झाली. मग माझा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"बापू, तुमी यातले जाणकार. टीव्हीवाले म्हणतात जुने फोन बंद पडून राहिले. माझाही जाते का?"

तो हसला. "काका, न्यूजवाले अर्धवट सांगतात. सगळे नसतात त्यात. द्या इकडे." त्याने भराभर बोटं फिरवली. "हे पाहा तुमचं व्हर्जन. ज्यांचं याच्या खाली आहे त्यांनाच प्रॉब्लेम. तुमचा आरामात चालेल."

"नक्की? नाहीतर पोराच्या मागे लागतो नव्यासाठी."

"काका, ऑफिसात फोन घ्यायच्या आधी सगळे मला विचारतात. हे मॉडेल बंद पडत नाही. कोणी म्हटलं तर माझं नाव सांगा."

"मंग तुमच्या सासूचा काहून बंद पडत होता? तिचाही हाच होता."

माझा फोन त्याच्या हातातच राहिला. चहावर साय धरली होती, ती तो पाहत बसला. अशा वेळी बोलायचं नसतं, हात उगारायचाही नसतो. पुढचं काम तो माणूस स्वतःच करतो.

आधी म्हणाला, दुकानात बदलीत दिला. कोणत्या? एक नाव सांगितलं. चला, शिपाई देतो सोबत, आत्ताच जाऊ. मग म्हणाला, ते नाही, दुसरं. मग पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर म्हणाला, "ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे."

दोन पंच घेतले, तिथे गेलो, फोन जप्त केला. सोबत कानाला लावायची वायर होती.

"पुसला काहून नाही?" मी विचारलं. खरंच मला नवल वाटत होतं. एवढा जाणकार माणूस.

तो म्हणाला, "सगळे ऐकून झाले नव्हते."

बायकोच्या फोनमधलं त्याने केव्हाच पुसलं होतं. पण आईला तिने काय काय सांगितलं, आणखी कोणाची नावं घेतली, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि मेलेल्या बायकोचं गाऱ्हाणं एकेक करून ऐकायचा. हे त्याने मला बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी प्रेतं पुष्कळ उचलली आहेत, रात्री झोप लागायची. त्या दिवशी लागली नाही.

हुंडाबळीचा गुन्हा दाखल झाला, पुढचा तपास साहेबांकडे गेला. फोन सीलबंद झाला. दुसऱ्या दिवशी बाई आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, फोन सापडला.

"एकडाव ऐकवा, साहेब. एकच."

"सील तोडता येत नाही, माय."

"तुमी पोलीस हाय न. तुमाले कोन इचारते?"

"कोर्ट विचारते. हे सील मोडलं तर त्याचा वकील म्हणेल पोलिसांनीच आत काही भरलं. तो सुटेल."

ती बाकावरून उठली. मग अकोटच्या गाडीला निघून गेली. मी सील तोडलं नाही, आणि आजही तोडणार नाही. फोन अमरावतीला प्रयोगशाळेत गेला, तिथून अहवाल आला, केस उभी राहिली ती त्याच सीलवर.

बाईला लेकीचा आवाज ऐकायला मिळाला तो थेट कोर्टात, आवाज ओळखण्यासाठी. मी साक्षीला हजर होतो. आवाज सुरू झाला. "माय, ते म्हनते दिवाळीच्या आत नवा फोन पायजे. नाही तं घरात ठेवत नाही म्हनते. विहीर दाखोते मले. मले भेव लागते वं माय."

सरकारी वकिलाने खूण केली, आवाज थांबवला गेला. विचारलं, "बाई, हा आवाज कोणाचा आहे?"

"माया लेकीचा," ती म्हणाली. आणि लगेच पुढे, "बंद नका करू जी. तिचं बोलनं सरलं नाही अजून."

आरोपीचे वकील उभे राहत होते. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच बसवलं आणि पुढचं लावायला सांगितलं. पुढे पुराव्याचं काही नव्हतं. थंडी पडली आहे, पहाटे फुलं तोडायला जाताना डोक्याला बांधत जा. जेवली का तू? मी जेवली.

"जेवली वं," बाई साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाली.

त्याला शिक्षा झाली. त्याने वर अपील केलं आहे, ते निकाली निघेपर्यंत फोन मुद्देमालातच राहील. या केसने मला शिकवलं ते असं. पोलिसाला गुन्हा शाबीत करता येतो, आणि तो मी केला, त्याचा मला अभिमान आहे. पण ती बाई गुन्हा शाबीत करायला आलीच नव्हती. तिला जे पाहिजे होतं ते आमच्याच कुलपात आहे, आणि तिथे मीच ठेवलं आहे.