दवाखान्यातली तोफ आणि गुप्ततेचे नियम

समोर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे तोफ. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलामागे बसून एकेका पेशंटला आत सोडणं हे त्यांचं काम. आवाज मुळात असा नव्हता. तो सासूबाईंच्या कानांनी घडवला. लग्न होऊन आल्या तेव्हा ताई हळू बोलत आणि सासूबाईंना ऐकू येत नसे. दोघींपैकी एकीला बदलावं लागणार होतं. पुढे सासूबाई गेल्या, आवाज राहिला. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. लोकांची दारं नीट बंद होतात की नाही हे पाहण्यात त्याचा जन्म गेला. बायकोच्या तोंडाच्या बाबतीत मात्र त्याने कधी हत्यार उचललं नाही. घरी तो बोललाच तर 'हं' म्हणे. त्यामुळे ताईंच्या आवाजाला खरी जागा दवाखान्यातच होती.

तिथे तो पुरेपूर वापरला जाई. नावं कुणाचीही सारखी असू शकतात, दुखणं मात्र ज्याचं त्याचं, या तत्त्वावर ताई पेशंटना दुखण्यानेच हाक मारत. डावा गुडघा आत जा, उजवा गुडघा तुम्ही यांच्यानंतर. कुणाला राग येत नसे. डाव्या आणि उजव्या गुडघ्याची तर इतकी गट्टी जमली की दोघं रोज बरोबर फिरायला जाऊ लागले, म्हणजे जाता येईल तितकं. मूळव्याधीचा उच्चार तेवढा ताई करत नसत. त्या पेशंटना त्या नुसत्या भुवयांनी बोलावत.

मग चोरी झाली. जगातल्या मोजक्या थोर डॉक्टरांत आपली निवड झाली आहे, प्रमाणपत्रासाठी इथे दाबा, असा एक मेल डॉक्टरांना आला. डॉक्टरांनी दाबलं. प्रमाणपत्र येईना म्हणून पुन्हा दाबलं. कॉम्प्युटरमधली सगळ्या पेशंटची नावं, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर आणि आजार भलत्याच माणसांच्या हाती गेले. डॉक्टरांचे मेहुणे कॉम्प्युटरमधले जाणकार. त्यांनी समजावलं, की एवढ्या माहितीवर चोर पेशंटचं सोंग घेऊन त्याच्या नावावर कर्ज उचलू शकतो. त्याला कमी पडतो तो फक्त पेशंटच्या मोबाईलवर येणारा ओटीपी, आणि तोही दवाखान्याच्या नावाने फोन करून, गोड बोलून काढून घेतो.

या सगळ्यावरून डॉक्टरांनी असा निष्कर्ष काढला की ताई फार मोठ्याने बोलतात.

नियम ठरले. नाव घ्यायचं नाही, आजार तर नाहीच. नुसता नंबर, तोही हळू.

"एका जरी पेशंटने तक्रार केली की माझं दुखणं चारचौघांत सांगितलं," डॉक्टर म्हणाले, "तर ताई, त्या दिवसापासून तुम्ही घरी."

घरी म्हणजे 'हं'.

त्या नंबर कुजबुजू लागल्या. पेशंटना ऐकू जाईना. बाहेर खोली गच्च भरलेली आणि आत डॉक्टर माशा मारत बसलेले, असं चित्र दिसू लागलं. पेशंटना फोन करून सावध करायचं कामही ताईंच्याच गळ्यात पडलं. त्यांनी ते इमानेइतबारे केलं. मी दवाखान्यातून बोलतेय, कुणी दवाखान्यातून बोलतोय म्हणालं तर ताबडतोब फोन ठेवा, असं त्या सांगत. आणि पेशंट ताबडतोब फोन ठेवत. ताईंना मोठं समाधान वाटे. निवृत्त हेडमास्तरांनी मात्र सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ज्याने जन्मभर कॉपी पकडली त्याला कोण फसवणार, असं विचारलं.

हेडमास्तरांचा दोष एकच होता. कुणी प्रश्न विचारला की त्यांना पूर्ण वाक्यात उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात नंबरची वाट पाहत असताना त्यांचा मोबाईल वाजला. पलीकडचा काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही, पण सरांचं उत्तर खोलीभर ऐकू आलं. "होय, मी त्याच दवाखान्याचा पेशंट आहे. माझा पत्ता पुढीलप्रमाणे आहे." ताईंनी मान वर केली. दवाखान्यातून फोन करणारी त्या खोलीत एकच बाई होती आणि ती टेबलामागे गप्प बसली होती. त्यांनी हातवारे केले. सरांनी पाठ फिरवली. त्यांनी हळूच "सर, सर" म्हटलं. सरांनी बोट वर केलं, म्हणजे मध्ये बोलू नये.

"ओटीपी आत्ताच आलेला आहे," सर फोनमध्ये म्हणाले. "थांबा, चष्मा लावतो."

चष्मा खिशातून नाकावर येईपर्यंत ताईंना काय ते ठरवायचं होतं. सरांना थांबवेल असा जगात एकच शब्द होता, आणि तो तोंडातून गेला की नोकरी गेली. सरांनी चष्म्याची दुसरी दांडी कानामागे अडकवली.

"मूळव्याध," ताई गरजल्या, "फोन ठेवा!"

भिंतीवरचं कॅलेंडर हललं. खोलीतल्या तिघांनी फोन ठेवले.

त्यांतला एक किराणा दुकानदार, तो बायकोशी बोलत होता. दुसरे एक वकील. तिसरे सर. ते मोबाईलच्या पडद्याकडे पाहत होते. ओटीपीच्या वरच लिहिलेलं होतं, की हा कर्जमंजुरीसाठी आहे, कुणालाही सांगू नका. चष्मा नसताना ते वाक्य त्यांना दिसलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. पकडला गेलेला विद्यार्थी कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं. आपण आत्ता तसेच दिसतो आहोत हेही बहुधा कळलं असावं.

डॉक्टर बाहेर आले. शब्द आतही स्पष्ट ऐकू गेला होता. हे कुणाला म्हणालात, त्यांनी विचारलं. पेशंटची माहिती देता येत नाही, असं ताई खालच्या आवाजात म्हणाल्या. मग डॉक्टर खोलीकडे वळले. ज्यांचं हे दुखणं असेल त्यांनी पुढे यावं, तक्रार नोंदवावी, बाईंना आत्ताच्या आत्ता काढतो.

कुणी हललं नाही. गच्च भरलेल्या खोलीतही तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तिघेजण भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांची नजर त्यांच्यावरून फिरली.

"मला कसली मूळव्याध?" दुकानदार म्हणाला. वकिलांनी आपला या प्रकरणाशी संबंध नाकारला.

डॉक्टर सरांकडे पाहत राहिले. सरांनी एकदा ताईंकडे पाहिलं. ताई टेबलावरचं पेन उगाच सरळ करत होत्या.

"मला सदर विकार नाही," सर पूर्ण वाक्यात म्हणाले.

"मग बसा की," डॉक्टर म्हणाले.

खुर्च्या लोखंडी होत्या. दुकानदाराला तेवढ्यात दुकान उघडं राहिल्याचं आठवलं आणि तो गेला. वकिलांची कोर्टात तारीख निघाली. सर मात्र पुढे झाले, खुर्चीच्या दोन्ही कडा धरल्या आणि बसले. ताठ बसले, डॉक्टर आत जाऊन दार लागेपर्यंत चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

दार लागताच ताईंनी मधले सगळे नंबर गाळून त्यांचा नंबर पुकारला.