चौकात मांडलेले डिंकाचे लाडू

नवरा जहाजावर इंजिनियर. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या एका बंदरात लागलं, तेव्हा तीन वर्षांच्या लेकीला सिंगापूरला सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंपाशी ठेवून मी त्याला भेटायला गेले. एकच सांगायचं होतं, आता समुद्र पुरे. "पापा कुठे?" असं कोणी विचारलं, की लेक तिथल्या इंग्रजीच्या ढंगात बिनधास्त सांगायची, "इन्साइड फोन लाह." सगळे हसायचे. मला रडू यायचं.

त्याला एक दिवस सुट्टी मिळाली. जवळच्या जुन्या बाजाराच्या गावी घेऊन गेला. "थंडीत गर्दी नसते, निवांत बोलू," म्हणाला. गर्दी कसली, चिटपाखरू नव्हतं! बाजार शनिवारी, आम्ही मंगळवारी. सिंगापूरला खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर कुठल्याही वारी उघडं, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण आठवडी बाजाराच्या गावात वाढलेल्या याने तरी वार विचारावा की नाही?

भूक लागली. चौकातल्या दगडी ओट्यावर मी पेपर अंथरला आणि त्याला जहाजावर न्यायला म्हणून घरून आणलेले डबे उघडले. डिंकाचे लाडू, चकल्या. "ऐक, मला काही सांगायचंय," मी म्हणाले.

तेवढ्यात एक आजीबाई पिशवी घेऊन हजर. आज बाजार असल्याचं आपल्याला कोणी कळवलं नाही, म्हणून जरा रागावल्याच होत्या. नवऱ्याने "घ्या की" थाटात लाडू हातावर ठेवला. पैसे घेईना, तेव्हा त्या घरी जाऊन मुरंब्याची बरणी घेऊन आल्या, सोबत दोन शेजारणी. मग काय, भराभर दारं उघडली आणि शिस्तीत रांग लागली. काठी टेकत आलेल्या आजोबांनी विचारलं, हा लाडू कशासाठी खातात? नवऱ्याने खरं ते सांगितलं, बाळंतिणीच्या ताकदीसाठी. आजोबांनी आणखी एक मागितला.

मी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा तो म्हणाला, "हो हो, चकल्या सरकव इकडे." माझं डोकं फिरलं होतं.

शेवटी डबे रिकामे झाले आणि ओट्यावर सात बरण्या मुरंबा जमला. "आता जहाजावर मी खाऊ काय?" तो म्हणाला.

"घरी येऊन खा!" मी भर चौकात ओरडले.

रांगेतल्या शेवटच्या बाईंनी घाबरून आपली वस्तू ठेवली आणि काढता पाय घेतला. बाळंतिणीचं ऐकून त्यांनी लोकरीची टोपी आणली होती. नवऱ्याने ती उचलून कौतुकाने पाहिली.

"आपल्या पोरीला अगदी बरोबर होईल."

"अरे, ती तान्ह्या बाळाची आहे."

त्याने टोपी मुठीवर चढवून पाहिली. मग ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बोल. काय सांगत होतीस?"