पानमळ्यातली काळी गोगलगाय

काटेवाडीजवळच्या आमच्या पानमळ्यात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, कधी चप्पल घालून पाऊल टाकलं नाही. बाईला महिन्याचे ते चार दिवस मळा बंद. लग्न होऊन आले तेव्हा या नियमावरून मी मनातल्या मनात फार भांडले. म्हणून ती काळी, चपटी, शंख नसलेली गोगलगाय वेलीच्या बुडाशी पहिल्यांदा दिसली, तेव्हा मला हसूच आलं. हिनं कुणाला विचारलं होतं?

कुठून आली देव जाणे. विकतच्या शेणखतातून असेल, नाहीतर नर्सरीच्या रोपांबरोबर. चामड्यासारखी पाठ, पाठीवर मधोमध फिकट रेघ. शेतकीतल्या ओळखीच्या एकानं पाहिली आणि म्हणाला, "उष्ण मुलखातली जात आहे. पानवेलीला अजून फार त्रास ऐकला नाही, पण पुढं देऊ शकते. लक्ष ठेवा." आम्ही लक्ष ठेवलं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. आम्ही बघत राहिलो आणि ती खात राहिली.

पानवेल दरवर्षी उतरवतात. शेवरीच्या झाडावर चढलेली वेल खाली घ्यायची, गुंडाळून बुडाशी दाबायची, वर माती-खत टाकून पाणी द्यायचं. मग कोवळे फुटवे निघतात, पुढचं सगळं पान त्यांच्यावरच. त्या वर्षी वेल उतरवली आणि सगळा मळा ओल्यात, सावलीत, जमिनीलगत आला. ताट वाढून ठेवावं तसा. सकाळी जावं तर फुटव्यांचे शेंडे गायब.

मी चिमट्यानं वेचायला लागले. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी अंथरायची, उजाडताच उलटायची, खाली जमलेल्या गोगलगाई बांधावरच्या मिठाच्या बादलीत टाकायच्या. एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला जायच्या आधी रोज हेच. साबणानं हात घासून घासून सोलवटले तरी वास जाईना. आणि शेजारच्या उसाच्या पाचटातून नवीन येतच होत्या.

शेवटी नवरा विषारी गोळ्या घेऊन आला. आबांनी पुडी उघडूच दिली नाही.

"देवाम्होरं ठिवायचं पान हाय ते. बाळंतिणीच्या तोंडात जातंय. त्येच्या बुडाशी इख टाकू व्हय?"

"आबा, मग मळाच ऱ्हायचा न्हाय," नवरा म्हणाला.

"न्हाय तर न्हाय."

मला त्यांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण ते खरं बोलत होते, हेही मला कळत होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचाच मळा जावा, याचा राग कुणावर काढायचा ते मात्र अजून कळलेलं नाही.

फुटवे पुन्हा आले, पुन्हा खाल्ले गेले. पावसाळा सरेपर्यंत मातीत दाबलेली वेल कुजून मऊ पडली. एका सकाळी आबांनी स्वतःच शेवरीला कुऱ्हाड लावली. आता तिथं ऊस आहे. उसाकडं रोज जावं लागत नाही, त्यामुळं आबा दिवसभर ओट्यावर बसून असतात. मी कामावर जाताना बसलेले, परत येते तेव्हाही तिथंच. ते यातून उठतील असं मला वाटत नाही.

यंदा घरात पूजा होती. पान विकत आणायची वेळ या घरावर पहिल्यांदाच आली. नवऱ्यानं ते इंदापूरच्या बाजारातून आणलं. आबांनी एक पान हातात घेतलं, शिरेवरून अंगठा फिरवला, उजेडाला धरून पाहिलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "कुणीतरी मळा राखलाय."

जेवणं झाल्यावर मी पूर्वीसारखा त्यांचा विडा लावायला घेतला. देठ खुडला, चुना लावला, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे पोरी. आता पान नगं."

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणताहेत. त्यानंतर त्यांनी पान तोंडात घातलेलं नाही.